किल्ली फिरविण्यापूर्वी



स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा कडधान्यांच्या बाजारभावावर अथवा वखारीतील मालाच्या राखणीवर आम्ही चार शब्द लिहावे अशी त्यांची अपेक्षा असावी. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि सारे आयुष्य गोणी, काटा व खतावणी यांत गेलेले. त्यामुळे तो विषय आम्हांस सोपाही गेला असता. परंतु अलीकडे आपल्या कित्येक सभासदांच्या दारी एक नवे वाहन आले आहे. त्याविषयी आमच्यापाशी सांगण्यासारखे काही आहे. किंबहुना ते सांगणे आम्ही आपले देणे लागतो. हे वाहन म्हणजे वर बसून चालवावयाचा, हिरवळ कापण्याचा छोटा ट्रॅक्टर होय.

धान्याच्या व्यापाऱ्याचा आणि या यंत्राचा काय संबंध, असे कोणी विचारील. आमचे वडील खानदेशातून सुरत–भुसावळ गाडीने ज्वारी, तूर आणि उडीद यांच्या मागोमाग सुरतेस आले आणि कतारगामात स्थिरावले. त्या काळी कतारगाम म्हणजे पापडीचे गाव. उंधियूत पडणारी ती पापडी आजही कतारगामच्या नावाने ओळखली जाते. परंतु जेथे तिचे मळे होते तेथे आज हिऱ्यांना पैलू पाडण्याचे कारखाने व वसाहती उभ्या आहेत. मोकळी जागा उरली ती शहराच्या कडेला. तेथे लग्नकार्यासाठी हिरवळीची मैदाने तयार झाली. गुजराथेत त्यांस पार्टी प्लॉट म्हणतात, महाराष्ट्रात लॉन्स म्हणतात. आम्हीही भावकीच्या भागीदारीत असे एक मैदान केले. दोन माळ्यांनी हाताच्या यंत्राने कापावयाचे म्हटले तर जे काम दोन दिवस पुरे, ते बसून चालविण्याच्या यंत्राने एका सकाळी होते, हे पाहून यंत्रही घेतले.

यंत्राचे मूळ कापडाच्या गिरणीत

सुरतेच्या वाचकांस ऐकून कौतुक वाटेल की हिरवळ कापण्याच्या यंत्राचा जन्म कापडाच्या गिरणीत झाला. इंग्लंडातील स्ट्राउड या गावाच्या आसपास लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावर उभी राहिलेली लव सारखी कापून घेण्यासाठी तेथे फिरत्या पात्यांचे यंत्र वापरीत. एडविन बडिंग नावाच्या यंत्रकाराने विचार केला की लव कापता येते तर गवत का कापता येऊ नये? १८३० साली त्याने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे १९०२ साली रॅन्सम्स या इंग्रज कंपनीने पेट्रोलवर चालणारे यंत्र बाजारात आणले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील उपनगरांत वर बसून चालविण्याची यंत्रे घरोघरी झाली.

बडिंगचे यंत्र माणूस ढकलीत असे. माणूस थांबला की पातेही थांबे. आजच्या यंत्राचे तसे नाही. त्याच्या पोटाखाली लोखंडी झाकण असते व त्याच्या आत पाते आडवे फिरते. त्या पात्याच्या टोकाचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास जातो. वरून पाहणाऱ्यास हे काही दिसत नाही. बागेतून एखादी खुर्ची संथपणे चालली आहे असेच वाटते, आणि सगळा घात या दिसण्यात आहे.

आमच्या रोकडवहीतील एक नोंद

आता आमची चूक सांगतो. पावसाळ्यात आमच्याकडील काळी जमीन भिजून लोण्यासारखी होते व यंत्र तीत रुतते. शिवाय चातुर्मासात लग्ने नसतात. म्हणून चार महिने हे यंत्र उभेच असते आणि दिवाळीच्या सुमारास, तुळशीच्या लग्नाआधी, बाहेर काढावे लागते. काही वर्षांपूर्वी अशाच हंगामाच्या तोंडाशी आमचे माळीदादा तक्रार घेऊन आले.

"शेठजी, हे यंत्र फार रुसते. वाटेतला दगड उचलायला जरा उठलो की बंद पडते. परत चालू करा, परत बंद."

वस्तुतः यंत्र रुसत नव्हते. ते आपले कर्तव्य करीत होते. आसनाखाली एक स्विच असतो. चालविणारा उठला आणि पाते फिरत असले की तो स्विच इंजिन बंद करतो. हे आम्हांस ठाऊक नव्हते. यंत्राबरोबर आलेले माहितीपुस्तक आम्ही बिलासोबत फायलीत लावून ठेवले होते. आम्ही एका कारागिरास बोलाविले. त्याने आसन उचलले, स्विचच्या दोन तारा एकमेकींस जोडल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि म्हणाला, "आता उठा, बसा, नाचा, बंद पडणार नाही." रोकडवहीत आम्ही स्वतः नोंद केली : यंत्र दुरुस्ती, रुपये २५०.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका लग्नाचा मांडव उतरल्यावर, माळीदादा सकाळी गवत कापीत होते. मांडवाच्या सुंभाची एक दोरी चाकापुढे आली. नेहमीप्रमाणे ते खाली उतरले व दोरी ओढू लागले. यंत्र चालूच होते, पातेही चालूच होते. दोरीचे दुसरे टोक झाकणाखाली गेले, पात्याने ते खेचले, दोरीबरोबर तोल गेला आणि डावा पाय झाकणाच्या कडेखाली सापडला. दोन बोटे गेली. डॉक्टर म्हणाले, पाय वाचला हेच नशीब.

औषधपाणी केले व बसल्या दिवसांचा पगार दिला, यात आम्ही विशेष काही केले नाही. कामावर असता इजा झालेल्या माणसाची भरपाई करणे ही मालकाची जबाबदारी आहे हे आपल्या देशात १९२३ सालच्या कायद्यापासूनच मान्य आहे. परंतु दवाखान्यातून परतल्यावर आम्ही रोकडवही उघडली आणि ती २५० रुपयांची नोंद पाहिली. बंधूंनो, आपण धान्याचे व्यापारी मुदत भरली की काट्यावर सरकारी शिक्का मारून घेतो. कोणी पारड्याखाली चिंच चिकटविली तर त्यास आपण बाजारातून उठवू. आम्ही या यंत्राच्या पारड्याखाली चिंचच चिकटविली होती, आणि फसविले कोणास, तर आमच्याच मीठभाकरीच्या माणसास. ती नोंद खोडून "दुरुस्ती" ऐवजी खरा शब्द लिहावा असे मनात आले. पण वहीत खाडाखोड करू नये असा वडिलांचा दंडक, म्हणून ती तशीच आहे.

आपल्या धंद्यात ही गोष्ट नवी नाही. मळणी यंत्रात हात गेलेली माणसे आपण बाजार आवारात पाहिली आहेत. त्या अपघातांमुळेच १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. तेथेही संरक्षक पत्रा काढून टाकला, पेंढी घालण्याची घमेली आखूड केली, कारण कामाला उशीर होतो, हीच कहाणी वारंवार घडली. धान्य तेच, हातही तसेच, आणि घाईही तीच.

यंत्र बाहेर काढताना

त्या वर्षापासून आम्ही फायलीतील पुस्तक बाहेर काढले, जाणत्या माणसाकडून शिकून घेतले आणि काही नियम ठरविले. ते येथे क्रमाने देतो.

प्रथम जागा. आमचे यंत्र पूर्वी धान्याच्या वखारीच्या एका कोपऱ्यात उभे राही. ही दुहेरी चूक होती. वखारीत उंदीर असतात व ते तारांचे आवरण कुरतडतात; आणि पेट्रोल व धान्य एका छपराखाली ठेवणे हा शहाणपणा नव्हे. आता त्यास स्वतंत्र हवेशीर पडवी आहे.

यंत्र सपाट जागी ढकलून आणावे. किल्ली काढून खिशात घालावी आणि इंजिनातील ठिणगीच्या प्लगची तार काढून बाजूस करावी. मगच झाकणाखाली वाकून पाहावे. चार महिने उभ्या यंत्राखाली उंदरांनी घरटे केलेले असते. एके वर्षी आम्हांस पिले सापडली, ती माळीदादांनी सुपात घेऊन कुंपणापलीकडे ठेविली. आपल्याकडे यतना म्हणतात ती हीच, आधी पाहावे आणि मग करावे. जुने वाळलेले गवत खरवडून काढावे. इंजिनाच्या व धूर सोडणाऱ्या नळीच्या आसपासचा कचरा तर अवश्य काढावा, कारण तापलेल्या नळीला लागून सुके गवत पेटते. पाते सैल आहे काय, त्यास तडा आहे काय, हे जाड हातमोजे घालून तपासावे.

मग तेल. मापाची कांडी बाहेर काढावी, स्वच्छ पुसावी, पुन्हा पुस्तकात सांगितल्याप्रमाणे बसवून काढावी आणि दोन खुणांच्या मध्ये तेल आहे हे पाहावे. कमी तेल वाईट, तसे वरच्या खुणेपलीकडचे तेलही वाईट. हवेची गाळणी काढून धूळ झटकावी. बॅटरीच्या खुंट्यांवर पांढरी पूड धरली असल्यास ती साफ करावी. तारा काढताना ऋण खुंटीची आधी काढावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. बॅटरी चार्ज करावयाची ती उघड्या जागी, विडी-काडीपासून दूर. चारही चाकांतील हवा पुस्तकातील आकड्याप्रमाणे असावी. एका बाजूची हवा कमी असली तर झाकण तिरपे होते व हिरवळीस खरका पडतो.

पेट्रोलविषयी थोडे अधिक

हा भाग आपल्या धंद्यास जवळचा आहे, म्हणून थोडा विस्तार करतो. मका व तांदळाची कणी इथेनॉलच्या कारखान्यांकडे जाऊ लागल्यापासून त्यांच्या भावांचे काय झाले, हे आपणांस सांगावयास नको. तेच इथेनॉल आता पंपावरील पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत असते. परंतु अशा छोट्या इंजिनांपैकी पुष्कळांच्या पुस्तकांत १० टक्क्यांपेक्षा अधिक इथेनॉल चालणार नाही असे स्पष्ट लिहिलेले आढळते. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते, आणि आपल्या सुरतेच्या दमट हवेत ओलाव्यास तोटा नाही. उभ्या यंत्रात असे पेट्रोल राहिले की ते बिघडते, कार्बोरेटरमध्ये चिकट साका धरतो आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी यंत्र सुरू होत नाही. मग अधीर माणूस नको ते उपाय करू लागतो.

म्हणून यंत्र घेण्यापूर्वीच विक्रेत्यास विचारावे की या इंजिनास कोणते पेट्रोल चालेल, आणि उत्तर लेखी घ्यावे. महिन्याभरात संपेल तेवढेच पेट्रोल आणावे. चातुर्मासाच्या आरंभी टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत उघड्यावर चालवावे. आपण जुना माल नव्या मालात मिसळत नाही, तसेच उरलेले जुने पेट्रोल नव्यात ओतू नये.

पेट्रोल भरावयाचे ते इंजिन गार असता व उघड्यावर. डबा जमिनीवर ठेवून भरावा. टेम्पोच्या पत्र्यावर अथवा प्लास्टिकच्या गादीवर ठेवून भरू नये, कारण घर्षणाने वीज साठून ठिणगी पडू शकते. टाकी काठोकाठ न भरता वर थोडी जागा सोडावी. सांडल्यास पुसून घ्यावे, यंत्र तेथून चार हात दूर ढकलावे आणि वास जाईपर्यंत किल्लीस हात लावू नये.

मैदान आणि माणूस

लग्नाच्या मैदानात दगडापेक्षा मांडवाचे अवशेष अधिक भयंकर. खिळे, लोखंडी मेखा, रोषणाईच्या तारा, सुंभाच्या दोऱ्या, बाटल्यांची झाकणे हे सर्व गवतात दडून बसते. पात्याखाली आलेला खिळा गोळीसारखा सुटतो. म्हणून दोघांनी ओळीने, धान्य निवडावे तसे, सारे मैदान पायी फिरून निवडून घ्यावे. गवत ओले असल्यास त्या दिवशी काम करू नये. उतार असल्यास वर-खाली कापावे, आडवे कापू नये; १५ अंशांहून अधिक चढावर तर हे यंत्र नेऊच नये. तळ्याच्या अथवा नाल्याच्या काठाजवळचे गवत विळ्याने कापलेले बरे.

चालविणाऱ्याने अंगाबरोबर बसणारे कपडे व पाय पूर्ण झाकणारे बूट घालावे. धोतर, उपरणे, गळ्यातला रुमाल, सपाता हे काही चालणार नाही. डोळ्यांस चष्मा व कानांस बोळे असावेत.

आणि मुले. नातवास मांडीवर बसवून एक फेरी मारण्याचा मोह प्रत्येक आजोबास होतो. आम्हांसही झाला आहे. तो आवरावा. ज्या मुलाने एकदा यंत्रावर फेरी मारली, ते दुसऱ्या दिवशी यंत्राचा आवाज ऐकताच धावत येते, आणि मागे घेताना चालविणाऱ्यास ते दिसत नाही. यंत्र चालू असेतो मुले घरात, मोठ्या माणसाच्या नजरेखाली असावीत. पाहुण्यांस वाईट वाटले तरी चालेल.

सुरू करण्याचा क्रम

प्रत्येक यंत्राचे पुस्तक वेगळे. त्यात जो क्रम असेल तो खरा. सामान्यतः तो असा असतो :

(१) यंत्र उघड्या आभाळाखाली आणावे.

(२) आसनावर नीट बसावे. खाली उभे राहून किल्ली फिरवू नये.

(३) पाते चालू करण्याचा दांडा बंद स्थितीत आहे हे हाताने चाचपून पाहावे.

(४) गती देणारा दांडा मोकळा ठेवावा, पायाने ब्रेक पूर्ण दाबावा व हातब्रेक लावावा.

(५) पुढे, मागे, दोन्ही बाजूंस पाहावे आणि मोठ्याने सांगावे की यंत्र सुरू होत आहे.

(६) इंजिन गार असल्यास चोक ओढावा. किल्ली फिरवावी, पण एका वेळी ५ सेकंदांपेक्षा अधिक नाही. सुरू न झाल्यास थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करावा; किल्ली धरून ठेवल्यास स्टार्टर जळतो.

(७) इंजिनाने सूर धरला की चोक हळूहळू आत घ्यावा, दोन-तीन मिनिटे गरम होऊ द्यावे, मग हातब्रेक सोडून मैदानात यावे आणि तेथे पाते चालू करावे.

एवढे करून सुरू झाले नाही तर पेच घालून स्टार्टरच्या दोन खुंट्या जोडण्याची जी युक्ती काही कारागीर दाखवितात, ती सर्वथा वर्ज्य समजावी. अशा वेळी यंत्र गिअरमध्ये असले तर जोडणाऱ्याच्याच अंगावर येते.

पहिल्या सूचनेविषयी एक शब्द. जुन्या काळी आपल्याकडे जमिनीतील पेवांत धान्य साठवीत. पेव उघडल्यावर आत कोंडलेल्या वायूने माणसे गुदमरत, म्हणून आधी दिवा सोडून पाहात. दिवा विझला तर उतरत नसत. पेट्रोलच्या धुरात जो कार्बन मोनॉक्साइड वायू असतो त्यास रंग नाही, वास नाही, आणि माणूस बेशुद्ध होईल इतका साठला तरी दिवा विझत नाही. दार लावलेल्या पडवीत पाच मिनिटे "नुसते चालवून पाहतो" म्हणणारा पेवात दिव्याशिवाय उतरतो आहे असे समजावे.

थांबतानाचा क्रम याहून सोपा, पण आमच्याकडे चूक झाली ती येथेच. दोरी दिसो, दगड दिसो, कोणी हाक मारो. आधी पाते बंद, मग हातब्रेक, मग इंजिन, मग किल्ली हातात. पाते लगेच थांबत नाही, म्हणून मनात दहा अंक मोजावे. नंतरच पाय जमिनीस लावावा.

समारोप

आमच्या यंत्राच्या आसनाखालील स्विच आम्ही त्याच महिन्यात नवा बसवून घेतला. माळीदादा बरे होऊन परत आले. आम्ही त्यांना हलके काम देऊ केले, ते त्यांनी घेतले नाही. किल्ली आता त्यांच्याच करगोट्यास असते आणि आमच्या पुतण्यांसही ती मागून घ्यावी लागते. दरवर्षी तुळशीच्या लग्नाआधी यंत्र पडवीतून बाहेर येते तेव्हा ते प्रथम आम्हांस आसनावर बसवितात. इंजिन सुरू करतात, पात्याचा दांडा ओढतात, पाच पावले मागे सरकतात व म्हणतात, "शेठजी, आता आसनावरून जरासे उठा पाहू. खाली उतरू नका."

आम्ही बूड उचलतो. इंजिन बंद पडते. तेव्हा ते मान हलवून म्हणतात, "ठीक आहे. आता हंगाम सुरू करू."

ज्या सभासदांच्या दारी असे यंत्र असेल त्यांनी हा अंक वाचून झाल्यावर, आपले आसन उचलून त्या दोन तारा एकदा पाहून घ्याव्यात, एवढीच विनंती. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.